नकाशांच्या खोलीतला वर्ग

आबासाहेब खराडे आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा आम्ही सगळे मोठमोठ्यानं हसत होतो. विलास शेळकेनं प्राचार्यांच्या खाकरण्याची नक्कल केली होती आणि मुजावर मॅडम चष्मा काढून पदरानं डोळे पुसत होत्या. दाराकडे तोंड करून बसलेली मी, त्यामुळे आबांना सगळ्यात आधी मीच पाहिलं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला तांबडा पटका. आणि त्यांच्या मागे खुद्द प्राचार्य.

माझं हसू थांबलं, मग एकेकाचं थांबलं. विलासची पाठ दाराकडे होती. तो अजून एकदा खाकरला, आणि दारातून खरे प्राचार्य खाकरले.

"चालू द्या, चालू द्या," आबा म्हणाले. "आमचा रणजित घरी सारखं ह्या वर्गाचंच सांगत असतो. म्हटलं, बघावं तरी काय चाललंय."

रणजित म्हणजे त्यांचा नातू. माझ्या डाव्या हाताला बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

तारळगावात पूर्वी कॉलेज नव्हतं. शिकायचं तर साताऱ्याला नाहीतर फलटणला जावं लागे. आबांनी स्वतःची माळावरची जमीन देऊन कॉलेज उभं केलं, आणि तेच संस्थेचे अध्यक्ष होते. आमच्या भागात कुणाला विजेची जोडणी हवी असो की मुलाला नोकरी, माणूस आधी आबांच्या ओसरीवर जायचा. असा माणूस आमच्या खोलीच्या दारात उभा होता, आणि ही खोली म्हणजे भूगोलाचे जुने नकाशे गुंडाळून ठेवायची जागा होती.

मुजावर मॅडम उठल्या. "या आबासाहेब. पण एक सांगते, इथं नुसतं बघायला कुणी बसत नाही. बसेल त्याला बोलावं लागतं."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आबा मात्र हसले. "बोलतो की! बोलण्यातच जन्म गेला."

हा वर्ग काय होता ते सांगायला हवं.

मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आले तेव्हा आमच्या वर्गात दीडेकशे मुलंमुली होती. प्राध्यापक पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून वाचून दाखवत, आम्ही उतरवून घेत असू. हजेरी नंबरानं. पावसाळ्यात मला ताप आला आणि मी आठवडाभर घरी होते. परत आल्यावर कळलं, की माझ्या नंबराला रोज कुणीतरी 'हजर' म्हणत होतं. मी असले काय आणि नसले काय, हजेरी तेवढीच भरत होती. आमचं गाव तारळगावपासून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती. दिवाळीला सुट्टी लागली की परत यायचंच नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. घरी सांगायचीही गरज नव्हती. कॉलेज हा अण्णांचा हट्ट होता आणि आईला तो कधीच पटला नव्हता.

अशात एकदा इतिहासाच्या तासाच्या शेवटी मुजावर मॅडम म्हणाल्या, "दर गुरुवारी दुपारी नकाशांच्या खोलीत दहा-बारा जण बसतील एवढी जागा आहे. तिथं एक छोटा वर्ग घ्यावा म्हणते. परीक्षेत त्याचे गुण नाहीत. कुणाला यायचंय?"

'गुण नाहीत' म्हटल्यावर सगळा हॉल हसला. मी गेले. अभ्यासाची ओढ म्हणून नव्हे. आमची गाडी पाच वाजता, आणि गुरुवारी दुपारी मुलींच्या खोलीला कुलूप असायचं. बसायला दुसरी जागा नव्हती.

पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला नाव विचारलं आणि म्हणाल्या, "आज येताना वाटेत पाहिलेली एक गोष्ट सांगा." माझी पाळी आली तेव्हा नाव कसंबसं निघालं. सगुणा वाघमोडे. पुढं काही फुटेना. मला वाटलं, आता त्या 'बरं, बस' म्हणतील आणि पुढच्याकडे जातील, शाळेपासून सगळे गुरुजी तसंच करत आले होते. त्या गेल्या नाहीत. हातावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत राहिल्या. ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत, घड्याळाकडेही पाहिलं नाही. शेवटी मी म्हणाले, "स्टँडवर एक म्हातारी कंडक्टरला हळदीकुंकू लावत होती."

"का बरं?"

"माहीत नाही. गाडी सुटली."

"पुढच्या खेपेला दिसली तर विचारशील?"

मी मान हलवली. पुढच्या गुरुवारी आत शिरल्या शिरल्या मॅडम म्हणाल्या, "सगुणा, भेटली का गं तुझी म्हातारी?" दीडशेतल्या एका मुलीनं सांगितलेली फालतू गोष्ट आठ दिवस कुणाच्या तरी ध्यानात राहिली होती. दिवाळीनंतर मी परत आले, त्याचं कारण शोधायला गेले तर ते बहुधा एवढंच निघेल.

त्या वर्षभर आम्ही एकच गोष्ट अभ्यासायची, असं मॅडमनी ठरवलं होतं. गावाबाहेर बारवेपाशी, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीपाशी, एक वीरगळ आहे. लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पूर्वी अशा शिळा उभ्या करत. त्यावर तीन चौकटी कोरलेल्या. खालच्या चौकटीत एक माणूस लढतोय, मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपाशी हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. अक्षर एकही नाही.

वर्गाचा नियम सोपा होता. आधी 'मला दिसतं' असं म्हणून फक्त डोळ्यांना दिसेल ते सांगायचं. 'मला वाटतं' नंतर. आणि कुणी दिसण्यापलीकडचं काही बोललं, तर समोरच्यानं विचारायचं, "हे तुला कुठं दिसतं?" हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकत असे. आम्ही मॅडमनाही विचारायचो, आणि कधीकधी त्यांना उत्तर देता यायचं नाही.

या नियमावर पहिला भडका रणजितचाच उडाला होता. "हा आमच्या मूळपुरुषाचा दगड आहे, येसाजीबाबांचा," तो म्हणाला होता. "दसऱ्याला आमच्या घरून हार-नारळ येतो. त्यात दिसायचं काय आणि वाटायचं काय?"

"दगडावर तुमच्या घराचा पत्ता दाखव," विलास म्हणाला.

रणजित ताडकन उठून निघून गेला. पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा कुणी काही बोललं नाही. त्यानंतर मात्र तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दगडापुढं बसू लागला. काय बघतो ते सांगायचा नाही.

त्याच सुमारास आबांनी त्या शिळेवर दगडी छत्री बांधायचं काढलं. खांब घडवून आले. पाटीवर 'खराडे घराण्याचे मूळपुरुष वीर येसाजी' असं कोरायचं होतं, आणि खाली कॉलेजच्या इतिहास विभागाचा दाखला. इतिहास विभाग म्हणजे एकट्या मुजावर मॅडम. त्यांनी सही केली नव्हती.

एकदा व्हरांड्यातून जाताना रणजितनं आणि मी प्राचार्यांचा आवाज ऐकला. "मॅडम, दोन ओळींचा तर प्रश्न आहे. तुमची नेमणूक दर वर्षीची, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही सही नाही केली तर लोक वेगळाच अर्थ काढतील. नावावरून काढतात लोक."

"माझे विद्यार्थी अभ्यास करतायत," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे."

"पहिल्या वर्षाची पोरं!" प्राचार्य म्हणाले.

रणजितनं माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघंही तिथून निघून गेलो. तो घरी काय बोलला, कसा बोलला, मला ठाऊक नाही. पण पुढच्याच गुरुवारी आबा आमच्या दारात होते.

"आज आम्ही शिळेकडे जाणार होतो," मॅडम त्यांना म्हणाल्या. "तुम्ही येणार का?"

"जीप हाय की."

"आम्ही चालतच जातो, आबासाहेब."

मग आबाही चालले. अख्ख्या बाजारपेठेनं ते पाहिलं. पुढं आबा आणि मॅडम, मागं प्राचार्य, त्यांच्या मागं आम्ही. दुकानदार गल्ल्यावरून उठून नमस्कार करत होते. थंडीचे दिवस होते, ऊन अंगाला बरं वाटत होतं.

बारवेपाशी आम्ही नेहमीसारखं अर्धगोल करून बसलो. आबांना एका घडीव दगडावर बसवलं. प्राचार्य उभेच राहिले. मॅडमनी डावीकडून सुरुवात केली. कुणी म्हणालं, मला माणसाच्या मागे जनावरं दिसतात, बहुतेक गाई. कुणी म्हणालं, समोर तिघं दिसतात, त्यांच्याकडे भाले आहेत. विलास म्हणाला, मला त्याच्या पायात काही दिसत नाही, अनवाणी आहे. माझ्या पाळीला मी म्हणाले, "त्याचं तोंड भालेवाल्यांकडे आहे. जनावरांकडे पाठ आहे."

मग आबांची पाळी आली.

"मला," आबा म्हणाले, आणि घसा साफ केला, "आमचे येसाजीबाबा दिसतात. शत्रूवर तुटून पडलेत."

आता प्रश्न यायला हवा होता. कुणाच्याही बाबतीत आला असता. आम्ही सगळे मॅडमकडे बघत होतो. त्यांचे ओठ उघडले आणि मिटले. प्राचार्य त्यांच्याकडे रोखून बघत होते. मॅडमनी नजर खाली घातली आणि हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागल्या. रणजित जमिनीकडे बघत होता. विलास, एरवी ज्याचं तोंड बंद होत नसे, तो गवताची काडी मोडत होता.

ती शांतता मला सोसेना. मी शूर नव्हते, आजही नाही. पण त्या वर्गात पहिल्यांदा कुणीतरी मला माणसासारखं विचारलं होतं, आणि ते विचारणं तिथं माझ्या डोळ्यांदेखत मरत होतं.

"आबा," मी म्हणाले, "येसाजीबाबा तुम्हाला कुठं दिसतात?"

आबांनी मान वळवली. "तू कुणाची गं?"

आमच्याकडे हा प्रश्न धमकीचा नसतो. बाप कोण, गाव कोणतं, भावकी कोणती, हे कळल्याशिवाय माणूस कळतच नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, अण्णांचं नाव सांगितलं की माझं बोलणं अण्णांचं होईल.

"मी सगुणा," मी म्हणाले. "ह्याच वर्गातली."

"ए मुली!" प्राचार्य पुढं आले. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"नाव दिसत न्हाई," आबा सावकाश म्हणाले. "पर माझ्या बापानं सांगितलंय. त्याला त्याच्या बापानं."

"म्हणजे ते ऐकलंय, आबा. दिसत नाही."

आबांच्या कपाळावरची शीर तटतटली. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि सगळं संपेल. ते उठलेच. पण जायला नव्हे. शिळेपुढं गेले, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि वाकून बघू लागले. तेलाची पुटं चढलेल्या त्या दगडावरून त्यांनी हात फिरवला. भालेवाले, तो माणूस, गाई. मग पुन्हा उजवीकडून डावीकडे. हात एका जागी थांबला, मागं आला, पुन्हा गेला.

"घोडी कुठाय?" ते म्हणाले.

कुणालाच कळलं नाही.

"येसाजीबाबाची निळी घोडी. तिच्यासकट पडला बाबा. आमच्यात दसऱ्याला घोडीचा निवद येगळा काढत्यात." ते कुणाशी बोलत होते कळत नव्हतं. "ह्यो तर पायी हाय. अनवाणी हाय."

रणजित हळूच म्हणाला, "व्हय, आबा."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

"दोन महिने झाले."

"मग बोलला का न्हाईस?"

"म्या सांगून तुम्हाला पटलं नसतं. तुम्ही स्वतः बघावं म्हणून तर तुम्हाला इथं आणलं."

आबांचा हात अजून दगडावरच होता. साठ-पासष्ट वर्षं त्या दगडाला ते हार घालत आले होते. "मग ह्यो कोण?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"माहीत नाही, आबासाहेब."

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्हालाबी माहीत न्हाई?"

"नाही. आणि कदाचित कधीच कळणार नाही."

आबा उठले. धोतराला लागलेली माती त्यांनी झटकली नाही. बाजारपेठेच्या दिशेनं चालू लागले. प्राचार्य त्यांच्या मागं धावले. जाता जाता मॅडमना म्हणाले, "बघून घ्या आता."

परतताना मला रडू आवरेना. "मॅडम, माझ्यामुळं..." मी म्हणाले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाचची गाडी पकडून मी घरी आले.

माझ्या आधी बातमी घरी पोचली होती. आमच्या गावचा एकजण बाजाराला गेला होता, त्यानं गिरणीवर येऊन सांगितलं, तुमची सगुणी भर गावात आबासाहेबांना उलटून बोलली. अण्णा काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या गिरणीला वीज मिळत नव्हती तेव्हा आबांनी एक शब्द टाकला होता. अण्णा ते कधी विसरले नव्हते.

"काय बोललीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते ऐकताना त्यांच्या भुवयांवर पीठ होतं आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"मी म्हणतच हुते," आई म्हणाली. "आता बास झालं."

अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला कुणी उठवलं नाही. मी उठून बसले होते, पण डबा झाला नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पुढचा गुरुवार आला. दुपारी मी दळणं चाळत बसले होते आणि सारखं मनात येत होतं, आता सगळे नकाशांच्या खोलीत बसले असतील. की खोलीला कुलूप लागलं असेल? मॅडमना काढलं असेल? विचारायला कुणी नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी आबांची जीप आमच्या गिरणीपुढं येऊन थांबली.

अण्णांनी गिरणीचा पट्टा उतरवला. गिरणी बंद झाल्यावर एकदम इतकी शांतता झाली की दळणाला आलेल्या बायका पदर सावरून मागं सरल्या. अण्णा हात जोडून पुढं गेले. "आबासाहेब, चुकलं पोरीचं. लहान हाय. पदरात घ्या."

"चुकलं न्हाई," आबा म्हणाले. "बोचलं. चुकणं येगळं आणि बोचणं येगळं." ते गिरणीच्या कट्ट्यावर बसले. आईनं घाईघाईनं पोतं अंथरलं ते त्यांनी बाजूला सारलं. "कुठाय ती?"

मी दाराआडून पुढं आले.

"वर्गात का न्हाई आलीस?"

मी अण्णांकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं. मग ते अण्णांशीच बोलू लागले.

"मी चौथी पास, वाघमोडे. कॉलेज बांधलं, पर कुठल्या वर्गात बसलो न्हवतो. बसलो, तर पहिल्याच दिवशी मूळपुरुष गेला!" बायकांत कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. आबा हसले नव्हते. "दोन दिस जेवान गेलं न्हाई. भावकी म्हणती, त्या बाईला काढा, पोरांस्नी बिघडवतीया. म्हटलं, काढायचं तर आधी बघून तरी येऊ. म्हणून ह्या गुरुवारी पुन्हा गेलो. एक खुर्ची मोकळी दिसली, म्हणून बसाय लागलो. तर ती बाई काय म्हणाली असंल?"

अण्णांनी हातावरचं पीठ झटकलं.

"म्हणाली, आबासाहेब, ही नको, ही सगुणाची आहे. मला! माझ्या कॉलेजात! रणजितनं बाजूच्या खोलीतनं बाक वढून आणला तवा बसलो. इचारलं, कुठाय ती पोरगी? कुणालाच ठावं न्हाई. सगळी पोरं तोंड पाडून बसलेली, घरातलं कुणी आजारी असल्यागत." आबा गिरणीच्या जात्याकडे बघत म्हणाले, "आमच्या कॉलेजात दरसाल किती पोरं गळत्यात. प्राचार्य मला कागद दाखवत्यात, एवढी आली, एवढी गेली. पर एक पोरगी आली न्हाई म्हणून अख्खी खोली गप झालीय, असं म्या कधी बघितलं न्हवतं."

आईनं चहा आणला. आबांनी तो बशीत ओतून प्यायला आणि उठले.

"धाडा न धाडा, पोर तुमची," ते अण्णांना म्हणाले. "विजेचं वगैरे मनात आणू नका. म्या ते इचाराय आलो न्हाई."

जीप निघून गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. छत्री बांधली. रणजित म्हणाला होता, माणूस कुणाचाही असला तरी ऊन-पाऊस त्याला लागतोच. पाटीवर काय लिहायचं यावर आमच्या वर्गात तीन गुरुवार भांडण झालं आणि आबा त्या भांडणात बाकावर बसून भांडले. शेवटी असं लिहिलं: 'हा वीर कोण, ते ठाऊक नाही. भाल्यांच्या आणि गाईंच्या मध्ये तो उभा राहिला, एवढं दिसतं.' खराड्यांची निम्मी भावकी त्या कार्यक्रमाला आली नाही. आबांचे चुलतभाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. पहिल्या वर्षाच्या सगळ्याच मुलांना असा लहान वर्ग द्या, असं आबांनी प्राचार्यांना सांगितलं. तेवढ्या खोल्या आणि तेवढे शिक्षक कुठून आणायचे, असं प्राचार्य म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. दोन वर्ग निघाले. आबा गेल्यावर तेही बंद पडले.

मी पुढं वकील झाले. त्या वर्गामुळं झाले असं मी म्हणणार नाही. तसं दिसत नाही, नुसतं वाटतं.

मुजावर मॅडम आणखी दोन वर्षं होत्या. मग त्यांना त्यांच्या गावी, कोल्हापूरला, कायमची जागा मिळाली. निघताना मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले होते. गाडी लागली होती, सामान वर चढलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "सगुणा, तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी शिळेपाशी मी सही करायचं ठरवूनच आले होते. दाखल्याचा कागद पिशवीत होता. आबासाहेब बोलून झाले की काढणार होते."

"मग?" मी विचारलं.

"मग तू बोललीस," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

मी खूप वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. त्यांनी आम्हाला शिकवलं असंच आम्ही समजत होतो, आणि ते खरंच होतं. पण त्या खोलीत बसलेल्या कुणालाही कधीही दुसऱ्याला सावरावं लागेल, आणि तेव्हा ते जमावं, म्हणून त्या दर गुरुवारी तो वर्ग भरवत होत्या की काय, असं मला पुढं वाटत राहिलं.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त आठवते ती जीप गेल्यानंतरची वेळ. बायका दळणासाठी खोळंबल्या होत्या. अण्णांनी पट्टा चढवायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. माझ्याकडे वळले. आमच्या घरात मला काय हवं ते कधी कुणी विचारलं नव्हतं. शाळेत घातलं तेव्हा नाही, कॉलेजात घातलं तेव्हाही नाही. सगळं माझ्या भल्याचंच होतं, पण ठरलेलं होतं.

"सगुणे," अण्णा म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय?"

बायका बघत होत्या. आई चहाची कपबशी हातात धरून उंबऱ्यात उभी होती.

"मला जायचंय, अण्णा," मी म्हणाले. "गुरुवारपुरतंच नाही. रोज."

अण्णांनी मान डोलावली. पट्टा चढवला, गिरणी सुरू झाली, आणि त्या घरघराटावर आवाज चढवून ते आईला म्हणाले, "ऐकलंस का गं? उद्या हिचा डबा लवकर लागंल."